समास सोडून

'समास' या शब्दाने मला शाळेत दोनदा छळले. एकदा व्याकरणात आणि एकदा वहीत. व्याकरणातला समास दोन शब्दांना जवळ आणतो. वहीतला समास कागदाची कड आणि मजकूर यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. एकाच नावाखाली जवळ आणायचे आणि लांबही ठेवायचे, हे कसब मराठी भाषेखेरीज फक्त लग्नसंस्थेला साधलेले आहे. 'नवराबायको' हा द्वंद्व समास असून त्याचा विग्रह 'नवरा आणि बायको' असा होतो, एवढेच आम्हाला शाळेत सांगितले होते. द्वंद्वाचा उरलेला अभ्यासक्रम पुढे घरीच पूर्ण झाला.

हे शिकवणारे मास्तर म्हणजे आमचे वडील. घरात आप्पा, गावात गुरुजी. श्रीगोंदे तालुक्यातले आमचे काष्टी हे गाव दौंड-मनमाड रेल्वेवर आहे आणि शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी त्याचे नाव लांबवर माहीत आहे. ज्याला काष्टी ठाऊक नाही त्याच्या बैलाला तरी ते ठाऊक असते. त्या बाजारात बैलाचे दात मोजत बसलेला माणूससुद्धा आप्पांना पाहून उठून उभा राहायचा. कारण कधी काळी आप्पांनी त्याच्या पाठीवर पाढे मोजलेले असायचे.

आप्पांच्या वर्गात पाटीवरून वहीवर बढती मिळालेल्या मुलाला पहिला धडा लिहिण्याचा नसे, न लिहिण्याचा असे. पानाची डावी कड दोन बोटे दुमडायची, घडीवरून नख फिरवायचे, पान उलगडायचे. जी रेघ उमटेल तिच्या डावीकडे अक्षर न्यायचे नाही. "ही जागा कुणाची रे?" असे आप्पा विचारत आणि सगळा वर्ग छपराची कौले हलतील अशा आवाजात ओरडे, "तपासणाराची, गुरुजी!" एकदा माझ्या 'क'चे पोट घडीच्या डावीकडे गेले. आप्पांनी पोटच्या पोराची गय केली नाही. दोन्ही पोटांना सारखाच न्याय मिळाला.

पुढे बी.कॉम. करताना टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. तिथल्या यंत्रालाही डावीउजवीकडे समासाच्या दोन खुंट्या होत्या. उजवी खुंटी जवळ आली की घंटा वाजे. घंटा वाजली की शब्द आवरता घ्यायचा आणि गाडी मागे ढकलायची. पण एखादा शब्द लांबलचक निघाला तर? त्यासाठी 'मार्जिन रिलीज' नावाची एक कळ होती. ती दाबली की यंत्र जणू तोंड फिरवून उभे राही आणि तुम्हाला चार अक्षरे समासात टाकू देई. त्या यंत्राच्या कारागिराला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे. नियम करावा, घंटा बांधावी आणि कोपऱ्यात एक सुटकेची कळही ठेवावी. आप्पांच्या वर्गात ती कळ नव्हती. निदान मला तसे वाटत होते.

मग मी बँकेत लागलो आणि समासाला पैशाचे रूप आले. गायी घेण्यासाठी मोठे कर्ज मागितले तर बँक सगळी रक्कम देत नाही. थोडा वाटा माणसाने स्वतः घालायचा असतो, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. "साहेब, तेवढं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" हा त्यावर ठरलेला प्रश्न असतो आणि त्याला अजून कोणत्याही परिपत्रकात उत्तर आलेले नाही. सातबारा हातात आला की जमिनीच्या मालकाचे नाव आम्ही नंतर वाचतो. आधी नजर जाते ती 'इतर अधिकार' या रकान्याकडे. कर्जाचा बोजा तिथे बसलेला असतो. एकीकडे माणसाचे नाव आणि बाजूला त्याची अडचण, अशी ती मांडणी आहे.

चेकचेही तसेच. पूर्वी चेक स्वतः प्रवास करायचा. थैलीतून जायचा, मोटारीतून जायचा, कधी कधी दुसऱ्याच गावाला जायचा. २००८ साली दिल्लीत चेक ट्रंकेशनची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. आता चेक जिथे भरला तिथेच थांबतो आणि त्याचे चित्र पुढे जाते. एका चेकची तीन चित्रे निघतात. पुढच्या बाजूचे काळेपांढरे, मागच्या बाजूचे काळेपांढरे आणि पुढच्याच बाजूचे आणखी एक, करड्या छटांचे. एकच बाजू दोनदा कशाला, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. आमच्याकडचा चेक बंडीच्या खिशातून चार घड्या होऊन येतो आणि उलगडला की त्यातून तंबाखूची पूड पडते. असा चेक यंत्रात तिरका गेला की कड कापली जाते, मग तो पुन्हा सरळ धरून घाला. दिवसभर हे केल्यामुळे मला एक सवय लागली. घरी ताटाखालचा पाटसुद्धा मी भिंतीला समांतर करून घेतो. आमची ही म्हणते, "जेवण सरळ पोटात गेलं म्हणजे झालं."

एवढी प्रस्तावना अशासाठी, की पुढे जे घडले त्यात हात माझा असला तरी शिक्षण अनेकांचे होते.

आप्पा मागल्या वर्षी गेले. मागे राहिली पत्र्याची एक ट्रंक आणि तिच्यात जमाखर्चाच्या सतरा वह्या. नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी रोजचा खर्च लिहिला होता. भाजी, रॉकेल, हजामत, पोस्टकार्डे. मी कॉमर्सचा पदवीधर. बापाने साठ पैशांच्या कोथिंबिरीचीही नोंद ठेवली हे पाहून मला भरून आले. आमचा धाकटा भाऊ चिंचवडला असतो. त्याचा फोन आला, "दादा, सगळ्या वह्या स्कॅन कर, पीडीएफ कर आणि ग्रुपवर टाक." शहरात राहायला गेलेल्या भावाची सगळी वाक्ये आज्ञार्थी असतात आणि कर्ता नेहमी द्वितीयपुरुषी असतो. आमच्या भावकीचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यात त्रेचाळीस माणसे आहेत आणि सकाळी साधारण तितकीच गुलाबाची फुले येतात.

स्कॅनर आणला. पुतण्याने येऊन संगणकावर 'स्कॅन टेलर' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून दिला. नावच शिंप्याचे, तेव्हा काम मापाचे असणार हे मी ओळखले. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिलीला पान उभे आहे की आडवे ते ठरवायचे. दुसरीला समोरासमोरचे जोडपान कापून त्याची दोन पाने करायची. तिसरीला तिरके पान सरळ करायचे. चौथीला पानावर मजकूर कुठून कुठवर आहे ते हेरून त्याभोवती चौकट घालायची. पाचवीला त्या चौकटीभोवती चारी बाजूंनी समास द्यायचा. आणि सहावीला सगळे काळेपांढरे करून स्वच्छ पान बाहेर काढायचे.

पाचव्या पायरीवर मी एकदम खूश झालो. वर दहा मिलिमीटर, खाली दहा, डावीकडे वीस, असे नुसते आकडे घातले की दोनशे पानांना एकसारखा समास! आप्पांनी साठ पोरांच्या साठ वह्यांत जे आयुष्यभर शोधले ते मला एका बटणात सापडले होते. त्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. हा समास कागदाचा नव्हताच. चौथ्या पायरीला कागदाचा जुना समास कापून टाकलेला असतो आणि पाचवीला तिथे नवा कोरा समास शिवलेला असतो. जुन्या घराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी उठवावी आणि तिथे फरशी बसवून 'ओटा कसा मोकळा झाला' म्हणावे, तसा तो प्रकार. आमच्या गावचा शिंपी बरा. शर्ट शिवून उरलेल्या तुकड्याची तो निदान पिशवी करून द्यायचा.

चुका करायला मी वेळ लावला नाही. आप्पांच्या ओळी डावीकडून उजवीकडे किंचित चढत जात. जन्मभर चढत गेल्या. तिसऱ्या पायरीला मी त्या सगळ्या झोपवून सरळ केल्या आणि हिला मोठ्या कौतुकाने दाखवल्या. ही म्हणाली, "मामंजींचा पगार काही वर जात नव्हता, निदान ओळी तरी जात होत्या. त्याही तुम्ही खाली आणल्यात."

मग मांडणीचा घोटाळा. सगळी पाने सारख्या मापाची करायची, तर ज्या पानावर दोनच ओळी आहेत तिलाही मोठे पान द्यावे लागते. त्या दोन ओळी पानावर कुठे ठेवायच्या, असे प्रोग्रॅम विचारतो. वर, मधे की खाली? मी आपला मध्यममार्गी मराठी माणूस, सांगितले 'मधे'. त्यामुळे मोठ्या कोऱ्या पानाच्या अगदी मधोमध 'रॉकेल २ लिटर. हजामत.' असा मजकूर छापून आला. लग्नाच्या पत्रिकेला शोभेल इतका देखणा. खाली 'आपले विनीत' तेवढे राहिले होते. अर्धे भरलेले पान वरच्या कडेला टेकवायचे आणि मोकळी जागा खाली सोडायची, हे मला पुतण्याने फोनवर शिकवले. लिहिणारा माणूस वरून खाली येत असतो. तो जिथे थांबला तिथेच त्याला थांबू द्यावे.

आठ रविवार खपून पहिल्या सहा वह्या तयार झाल्या. पांढरीशुभ्र पाने, काळीभोर अक्षरे, चारी बाजूंनी समास असा की आप्पांनी पाठ थोपटली असती. मी त्या ग्रुपवर टाकल्या. अंगठे आले, जोडलेले हात आले. एका भाच्याने फाइल न उघडताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले. तरी मला धन्य वाटले.

पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा होता, म्हणजे बँकेला सुट्टी. बाजाराची गर्दी ऐन भरात असताना तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. तात्या म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. वय ऐंशीच्या पुढे, राहायला मळ्यात. हिने पाणी दिले, नमस्कार केला. तात्या खुर्चीवर बसले नाहीत. जोत्यावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजींचं साडेतीनशे रुपयं माझ्याकडं ऱ्हायल्यात म्हनं."

"कोण म्हणतं, तात्या?"

"तूच की. मोबाइलात टाकलंस. नातवानं वाचून दावलं. 'तात्यास बैलासाठी दिले रुपये साडेतीनशे.' म्होरं परत आल्याचं कुठं लिवलेलं न्हाई. पोरानं समदी पानं हुडकली."

मी मोबाइल काढला. पान होते १९७३ च्या पावसाळ्यातले. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे मिळेल त्या किमतीला गेली होती, आणि पाऊस आला तेव्हा नांगराला जुंपायला बैल उरला नव्हता. आप्पांनी पगारातून साठवलेले पैसे तेव्हा दिलेले दिसत होते. नोंद स्पष्ट होती. नावे साडेतीनशे. जमेला काही नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते बावन्न वर्षे थकलेले होते.

"गुरुजी असताना दोन डाव पैसं घिऊन आलो हुतो," तात्या टोपीकडे बघत म्हणाले. "'बघू म्होरं' म्हनले. मग पोरींची लग्नं निघाली, हीर खांदली... ऱ्हाऊन गेलं. पर मी इसरलो न्हाई. आता समद्या भावकीनं वाचलं. काल तुझ्या चुलतीनं भाकर वाढताना तोंडाकडं बघितलं न्हाई माझ्या."

माझ्या पोटात खड्डा पडला. तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून फडक्याची पुडी काढली. "तू बँकंत हायेस. व्याज लाव आन सांग किती झालं."

मला गंमत करून वेळ मारून नेता येईल असे वाटले. म्हटलं, "तात्या, दहा टक्के सरळव्याजाने बावन्न वर्षांचे अठराशे वीस आणि मुद्दल धरून दोन हजार एकशे सत्तर. चक्रवाढीने धरलं तर एकोणपन्नास हजार सातशेच्या वर जातंय." तात्या हसले नाहीत. पुडीची गाठ सोडू लागले. "चक्रवाढ झेपायची न्हाई. सरळ धर," म्हणाले. मी घाईघाईने कायदा काढला. "अहो, १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. असल्या उसनवारीची मागणी तीन वर्षांच्या आत करावी लागते. १९७६ सालीच हे कर्ज मुदतीबाहेर गेलं. कोर्टसुद्धा तुमच्याकडून घेणार नाही."

"कायदा तुमच्या बँकंत," तात्या म्हणाले. "माझ्या घरात न्हाई. गेल्या बाजाराला शेळी इकली, ती काय कोर्टासाठी इकली?"

चोवीस वर्षे मी बँकेत थकबाकीदार पाहतो आहे. नोटीस गेली की गावाला जाणारे, पाहुणे आले असे सांगून मागच्या दाराने निघणारे. न मागता व्याजासकट दारात येणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याला नोटीस पाठवली होती मी. तीही त्रेचाळीस जणांच्या देखत. बापाच्या ओळी सरळ करण्याच्या नादात चुलत्याला मान खाली घालायला लावली होती.

मी मोबाइलवर पाने मागेपुढे करत राहिलो. पान मोठे केले, लहान केले. ही दारात उभी होती. म्हणाली, "अहो, मोबाइलात काय हुडकताय? ट्रंकेतली वही काढा की."

संसारात बायकोने सांगितलेल्या गोष्टी नेहमी इतक्या साध्या असतात, की त्या आपल्याला सुचल्या नाहीत याचा आधी राग येतो. मी ट्रंक उघडली. वही काढली. पान सापडले. डावीकडे दोन बोटांची घडी होती. आप्पांनी स्वतःच्या वहीलाही समास सोडला होता. घडीच्या उजवीकडे निळ्या शाईत तात्यांचे साडेतीनशे. आणि डावीकडे, जिथे कुणी अक्षर नेले तर आप्पा त्याचा कान पिळत, तिथे अंगठ्याएवढ्या जागेत पेन्सिलीने बारीक लिहिले होते. मी पान दाराच्या उजेडात धरले आणि वाचले:

'आईला रात्री पोटशूळ. तात्याने नवा बैल जुंपून गाडी दौंडला नेली. पहाटे डॉक्टर भेटले. आई वाचली. हिशेब मिटला. मागू नये.'

कुणीच काही बोलले नाही. बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला, तेवढेच.

"परत वाच," तात्या म्हणाले. मी परत वाचले. तिसऱ्यांदा त्यांनी वही हातात घेतली. चष्मा नव्हता, तरी पेन्सिलीवरून बोट फिरवले. "म्हंजी मी बावन वर्सं..." असे म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "मला सांगायचं तरी!"

आता हे कसे झाले ते सांगतो. दोष त्या शिंप्याचा नव्हे, गिऱ्हाइकाचा होता. चौथ्या पायरीला त्याने आखलेली चौकट प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासून हवी तर हाताने ओढून मोठी करायची असते. मी चेकच्या सवयीने पाने भराभर पुढे ढकलली होती. चौकट निळ्या शाईशी थांबली आणि समासातली पेन्सिल बाहेर राहिली. जी काही आत आली, ती सहाव्या पायरीला गेली. काळेपांढरे करताना प्रत्येक ठिपक्याचा निकाल लागतो. तू काळा, तू पांढरा. मधले कुणी उरत नाही. शाई काळ्या पक्षात जाते आणि पेन्सिलीचे करडे अक्षर मुकाट्याने पांढऱ्या पक्षात. मग मला चेकचे ते तिसरे, करडे चित्र आठवले. काळ्यापांढऱ्यात जे हरवते ते करड्यात शिल्लक राहते. आमची बँकसुद्धा चेकच्या बाबतीत जेवढी सावध राहते, तेवढा मी बापाच्या बाबतीत राहिलो नव्हतो.

त्या रात्री मी सहाही वह्या पुन्हा उघडल्या, यावेळी फक्त डाव्या घड्या वाचण्यासाठी. मोडी वाचणारे माझे एक स्नेही म्हणतात की पेशवाईतल्या पत्रांवर पत्र पोचल्याच्या दिवसाची 'पैवस्ती' म्हणून नोंद असते, आणि पत्रावर तारीख नसेल तर संशोधकांचा तिच्यावर मोठा भरवसा असतो. लिहिणाऱ्याने लिहिले केव्हा हे कळले नाही तरी घेणाऱ्याला पोचले केव्हा ते कळते. आप्पांच्या समासात तसेच होते. उजवीकडे खर्च लिहिलेला आणि डावीकडे तो त्यांना पोचलेला.

'रॉकेल २ लिटर. हजामत.' या पत्रिकेच्या बाजूला होते, 'आज वर्गात कुणावर ओरडलो नाही.' महागाईभत्त्याच्या फरकाच्या बाजूला, 'हिला लुगडे घ्यावे.' आणि त्याखाली वेगळ्या पेन्सिलीने, 'राहिले.' ग्रुपवर न गेलेल्या वह्याही मग राहवेनात. माझ्या दहावीच्या वर्षाची वही काढली. गणिताच्या शिकवणीची फी उजवीकडे होती. शिकवणी लावूनही मला शंभरात अडतीस मिळाले होते आणि त्या दिवशी आप्पांनी मला जे सुनावले ते माझ्या अजून कानात आहे. पुढे तीस वर्षे आम्ही दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही. डावीकडे लिहिले होते, 'थोरल्यास फार बोललो. चूक माझी. त्याला सांगू नये.'

ही झोपली होती हे बरे झाले.

आम्ही साठ पोरे घसा फोडून सांगत होतो की ही जागा तपासणाराची आहे. आप्पांनी ती खरेच तपासणारासाठी राखली होती, आणि दुसरा कुणी तपासणार येईना म्हणून रोज रात्री स्वतःच तपासत होते. लाल शाईही वापरली नाही. पेन्सिल घेतली, म्हणजे चुकून कुणी वाचले तर पुसता यावे.

आता मी सगळे पुन्हा करतो आहे. सुदैवाने हा टेलर आपण दिलेल्या मूळ चित्रांना हात लावत नाही. कापलेले पान वेगळे ठेवतो, कापड आपले शाबूत राहते. यावेळी चौकट प्रत्येक पानावर हाताने कडेपर्यंत ओढली आहे. काळेपांढरे न करता रंग आहे तसे ठेवले आहेत. तिसऱ्या पायरीला कोन शून्य घालतो, त्यामुळे ओळी पुन्हा चढू लागल्या आहेत. चिंचवडहून तक्रार आली, "दादा, फाइल केवढी मोठी झाली! आणि पानं वाकडी दिसतात." मी लिहिले, "वाकडीच आहेत." आज्ञार्थी उत्तर आले नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "माझ्याबद्दल कुठल्या वहीत आहे?"

पण त्या शनिवारचे राहिलेच. "आता हे बाजूचंबी मोबाइलात टाक," एवढे तात्यांनी मला बजावले. मी तिथल्या तिथे पानाचा फोटो काढून टाकला, समासासकट. खाली लिहिले की चूक माझी आहे आणि हे खाते १९७३ पासून बंद आहे. मग तात्या खुर्चीवर बसले. चहा घेतला. जाताना हिला म्हणाले, "सूनबाई, गुरुजींच्या आईनं मला ल्हानपनी लई ताक पाजलंय. त्याचं कुठं लिवलंय का बघ." पुडी पुन्हा खिशात गेली असे मी समजलो.

ही कपबशी उचलायला गेली तर बशीखाली नोटा होत्या. दोनशेची एक, शंभराची एक, पन्नासाची एक. मुद्दल ठेवून व्याज तेवढे परत नेले होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण बावन्न वर्षांपूर्वी मिटलेल्या खात्यात आलेली रक्कम कशी जमा करायची, हे मला कुठल्याही परीक्षेला आले नव्हते. परत द्यावी तर तात्या पुन्हा शेळी विकतील. ठेवून घ्यावी तर आप्पांनी स्पष्ट लिहिले आहे. दोन दिवस विचार केला. मग वाण्याकडून एक साधी वही आणली, पहिल्या पानाची डावी कड दोन बोटे दुमडली, घडीवरून नख फिरवले आणि उजवीकडे निळ्या शाईत लिहिले: 'तात्यांकडून जमा रु. ३५०.'

घडीच्या डावीकडे पेन्सिलीने काय लिहिले ते इथे सांगत नाही. ती जागा तपासणाराची आहे.